घरचं उदाहरण

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. शेवटी शेवटी वर्गात मुलं कमी आणि बाक जास्त, अशी अवस्था होती. मी निवृत्त झालो आणि माझ्यामागे विभागही बंद झाला. निरोपाच्या कार्यक्रमात प्राचार्य म्हणाले, सरांची जागा कुणीच घेऊ शकत नाही. ते खरंच होतं, कारण ती जागा भरायचीच नाही असं आधीच ठरलेलं होतं.

घरी बसल्यावर मी बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागलो. पोळीला तेल किती लावावं यावर मी मत दिलं, त्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला बोलायला माणसं लागतात. ती बाहेर शोधा." मी शोधली. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या माडीवरची खोली रविवारी सकाळी रिकामी असायची. तिथे सहा-सात जण जमायला लागले आणि आम्ही एका प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाचा नीतीवरचा ग्रंथ वाचायला घेतला.

वाचायला घेतला म्हणजे काय, तर मी तीन इंग्रजी भाषांतरं समोर उघडून बसायचो. ग्रीक मला अक्षरओळखीपुरतं आणि शे-दीडशे शब्दांपुरतं येतं. तेवढ्यावर मी बराच भाव खाल्ला आहे. एकेक वाक्य घ्यायचं, तिन्ही भाषांतरं कुठे वेगळी पडतात ते पाहायचं आणि अर्थ मराठीत सांगायचा. एका सकाळी पाच-सहा वाक्यं झाली तरी पुष्कळ. अप्पा म्हणून एक होते, कापडाचं दुकान मुलाच्या ताब्यात देऊन मोकळे झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. ते त्या ग्रीक तत्त्वज्ञाला 'मुदुका' म्हणायचे. कानडीत मुदुका म्हणजे म्हातारा. "आज मुदुका काय म्हणतोय?" अशी त्यांची सुरुवात असायची.

दुसऱ्या होत्या सिस्टर. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. बोलणं इंजेक्शन दिल्यासारखं, आधी सांगून आणि मग सरळ. ग्रंथात जहाजाची, युद्धाची, ढाल टाकून पळणाऱ्या शिपायाची उदाहरणं फार. तिसऱ्या-चौथ्या रविवारी सिस्टर वैतागल्या. "सर, सोलापुरात जहाज कुठून आणू मी? आजपासून ज्यानं त्यानं घरचं उदाहरण द्यायचं. स्वतः केलेलं, किंवा स्वतःवर आलेलं." सगळ्यांनी मान डोलावली आणि नियम झाला. नियमात एवढंच होतं की नावं घ्यायची नाहीत आणि पुस्तकातलं किंवा ऐकीव चालणार नाही.

हा नियम बाकीच्यांनी मनापासून पाळला. सिस्टरांनी एकदा चुकीच्या पेशंटला टोचलेल्या सुईचं सांगितलं. अप्पांनी सख्ख्या भावाशी दहा वर्षं धरलेल्या अबोल्याचं सांगितलं. मी मात्र दर शनिवारी संध्याकाळी उदाहरणं रचायचो. परिच्छेदाला शोभतील अशी, बेताची नामुष्की असलेली, शेवटी मीच समंजस ठरेन अशी. कुणाला कधी शंका आली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल, पण ती मला लागू आहे हे काही डोक्यात आलं नाही.

आणखी एक होते मामा, ते वर्षभर गप्प बसून ऐकायचे. दाराजवळची खुर्ची त्यांची. पाणीपुरवठा खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते. बाहेरगावच्या माणसाला हे सांगावं लागेल की सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा दिवस'. त्या दिवशी लग्नाला जाणं रद्द होतं, पाहुणे येऊ नयेत अशी प्रार्थना होते. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याखाली व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायची हातभर लांब चावी घेऊन सायकलवर येणारा माणूस. आमच्या भागात तो माणूस म्हणजे मामा. पंचवीस वर्षं त्यांनी आम्हाला पाणी सोडलं. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती. ती आता माळशिरसला शिक्षिका आहे. तिनंच त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

त्या रविवारी आम्ही ग्रंथाच्या गाभ्याशी आलो होतो. माणसानं केलेलं कुठलं कृत्य त्याचं स्वतःचं मानायचं आणि कुठलं नाही? म्हातारा म्हणतो, जबरदस्तीनं झालेलं आणि अजाणता झालेलं हे दोन प्रकार वगळा. पण मग तो अडचणीची जागा दाखवतो. वादळात सापडलेल्या जहाजाचा कप्तान माल समुद्रात फेकतो. कुणी हात धरून फेकायला लावलेला नाही, पण शांत समुद्रात त्यानं तो फेकलाही नसता. मग ते कृत्य त्याचं की वादळाचं? त्याचं उत्तर असं की ही कृत्यं मिश्र आहेत, पण झुकतं माप 'स्वतःची' याच बाजूला, कारण त्या क्षणी हात हलवायचा की नाही हे त्याच्याच हातात होतं.

"आता उदाहरण," सिस्टर म्हणाल्या.

"मी सांगू का?" दाराजवळून आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मामा उभे राहिले. बसून सांगा म्हटलं तरी उभेच.

"सात वर्सं झाली आसतील. मे म्हैना. पान्याचा दिस. एका घरी कार्य हुतं. त्या घरच्यांनी मला फाटकाशी थांबवून सांगितलं, आज अर्धा तास जास्ती ठेवा. आता अर्धा तास हितं ठेवला म्हंजे म्होरल्या गल्लीचा जातोय. ती गल्ली लाइनीच्या शेवटाला. तितं आदीच करंगळीएवढी धार. मला ठाऊक हुतं. तरी ठेवला."

"दमदाटी केली का त्यांनी?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय न्हाय. लई चांगलं मानूस. माझ्या पोरीची चौकशी केली फकस्त. पोरगी शिकत हुती तवा." मामा जमिनीकडे बघत होते. "त्या गल्लीला त्या पाळीला पानीच गेलं न्हाय. तितं एक अक्का हायत, विड्या वळायच्या. नवरा अंथरुनाला खिळलेला. त्या हापशावर गेल्या घागर घिऊन, आन् शेवाळावर पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढलं, पन हात काय सरळ झाला न्हाय. विडी सुटली ती सुटलीच."

मला ती सकाळ दिसत होती. आमच्या थोरलीच्या हळदीचा दिवस. अंगणात मांडव, आचारी पाण्यासाठी ओरडतोय, आणि मी फाटकाशी सायकल थांबवून म्हणतोय, "मामा, घरात कार्य आहे, अर्धा तास जास्त ठेवा." आणि मग, नुसतं आपलं बरं दिसावं म्हणून, "मुलगी काय म्हणतेय? हुशार आहे हं. अंतर्गत गुण राहिलेत तिचे द्यायचे." हे शेवटचं वाक्य मी बोललो होतो. देवाशपथ सांगतो, त्यात माझ्या मनात काहीच नव्हतं. पण सायकलवरच्या माणसानं ते काय म्हणून ऐकलं असेल, हे मला सात वर्षांनी, त्या माडीवर बसल्यावर कळलं.

मामा पुढे म्हणाले, "तवापास्नं दर पाळीला मी त्यांचं पानी भरून देतो. रिटायर झालो तरी जातो. त्या मला अन्ना म्हनत्यात, भाऊ. पर का भरतो ते कदी सांगितलं न्हाय. तोंडच झालं न्हाय. म्हनून सर, मला तुमास्नी इचारायचंय. हे माझं हाय का न्हाय? माझं आसंल तर जाऊन सांगतो त्यांना. नसंल तर उगं कशाला, हाय ते नातं बी तुटंल."

सिस्टर लगेच म्हणाल्या, "तुमचं कसं? मुलीचं नाव काढलं म्हणजे दबावच की तो!" अप्पा म्हणाले, दबाव कसला, नाही म्हणता आलं असतं. थोडा वाद झाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मामाही.

त्या वेळी मला एवढंच सांगायचं होतं की ते घर माझं होतं. चार शब्द. ते मी बोललो नाही. मी चष्मा पुसला आणि अर्थ लावायला सुरुवात केली. दहा-पंधरा मिनिटं बोललो असेन आणि आजही कबूल करतो, सुरेख बोललो. हालचालीचा उगम कुठे आहे ते पाहा, म्हणालो. हात कुणाचा हलला ते पाहा. परिस्थिती बिकट असेल, पण उगम आतला असेल तर कृत्य कर्त्याचंच.

पण त्याच परिच्छेदात पुढे दोन ओळी आहेत. अशा कृत्यांना कधी कधी क्षमा असते, माणसाच्या सोसण्यापलीकडचं पुढ्यात आलं असेल तर, असा त्यांचा भाव. त्या ओळी तिन्ही भाषांतरांत होत्या, माझ्या बोटाखाली होत्या. त्या मी गाळल्या. कारण त्या वाचल्या असत्या तर सिस्टरांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता, की एवढं पुढ्यात आणून ठेवणारा होता कोण?

"म्हंजे माझंच की," मामा म्हणाले.

"तसं म्हणता येईल," मी म्हणालो.

त्यांनी मला नमस्कार केला आणि ते गेले.

तो आठवडा वाईट गेला. मी तिन्ही भाषांतरं पुन्हा काढून बसलो. कप्तानाविषयी पानंच्या पानं भाष्य आहे, वादळाविषयी कुणी काही म्हणत नाही. बरोबर आहे, वादळाला कोण जाब विचारणार? मग मी अजाणतेपणाच्या भागाकडे वळलो. मला कुठे माहीत होतं पुढच्या गल्लीत काय होतं ते? पण म्हातारा तिथेही दार लावून बसलेला. जे कळून घेणं सहज शक्य होतं ते कळलं नाही, ही सबब तो चालू देत नाही. आणि मी त्या घरात पंचवीस वर्षं राहतोय. पाण्याच्या दिवशी आमच्या नळाला मोटर लागते तेव्हा शेवटच्या गल्लीत काय पोचत असेल, हे बघायला तीन मिनिटं चालावं लागलं असतं. मी कधी गेलो नव्हतो.

अजून एक खूण त्यानं दिली आहे. अजाणता केलेलं कृत्य खरंच मनाविरुद्ध झालं की नाही, हे कळल्यानंतरच्या दुःखावरून ओळखावं, अशी. मी स्वतःला तपासलं. दुःख होत होतं, पण कशाचं? आपलं नाव बाहेर पडेल याचं. त्या बाईंचा चेहराही मला माहीत नव्हता आणि तो पाहावा असं चार दिवसांत एकदाही वाटलं नव्हतं. हे लक्षात आल्यावर मात्र मला स्वतःची खरोखर किळस आली.

शनिवारी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मामांना सांगा म्हणून मीच तुम्हाला फाटकाशी पिटाळलं होतं. माझाही वाटा आहे त्यात." मी म्हणालो, इथे प्रश्न वेगळा आहे, कृत्याच्या उगमाची साखळी पाहिली तर... तिनं भाजीची जुडी खाली ठेवली. "आता अर्थ लावत बसू नका. उद्या चार लोकांत सांगा."

रविवारी गेलो. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. तरी सांगितलं, बाकीच्यांसमोर, एका दमात. आजवरची माझी सगळी उदाहरणं रचलेली होती हेही सांगून टाकलं. अप्पांनी कपाळावर हात मारला. सिस्टर म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही त्या माणसाचा निवाडा करत बसलो, आणि तुम्ही समोर होतात." मी मान हलवली. "मग इथे काय करताय?" त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे जा."

मामांचं घर जवळच. ते ओट्यावर सायकलची साखळी साफ करत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, एरवी उठायचे.

"मामा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय की," ते म्हणाले. रागानं नाही, नुसतं खरं सांगावं तसं. "मी वाट बघितली. घरचं उदाहरन द्याचा नियम हाय नव्हं? वाटलं, सर आता सांगतील आपलं. तुमी वाचतच ऱ्हायलात. मग म्हनलं, सर म्हनत्यात म्हंजे पुस्तकात तसंच आसंल."

"पुस्तकात तसं नव्हतं. पुढच्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत." आणि मी त्या त्यांना ओट्याशी उभ्यानं सांगितल्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकल्या.

"बरं," ते म्हणाले. "पर आता काय. मी बुधवारी जाऊन सांगितलं अक्काला."

"काय म्हणाल्या?"

"कायच न्हाय. भरलेला हंडा माझ्या हातातनं घेतला आन् खाली ठेवला. म्हनल्या, उद्यापास्नं येऊ नका."

मी म्हणालो, तुमचा काही दोष नाही, सगळा माझा आहे, मी आत्ता जाऊन सांगतो. तेव्हा मात्र मामा उठले. हाताला काळं ग्रीस लागलेलं, डोळे लाल. "सर, चावी माझ्या हातात हुती. तेवढं माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमचं तुमी बघा." आणि ते आत गेले.

तिथून मी सरळ त्या गल्लीत गेलो. तीन मिनिटंच लागली. घर विचारलं तर एका पोरीनं हातानं दाखवलं. अक्का उंबऱ्यात बसून नातवंडाच्या फ्रॉकला डाव्या हातानं बटण लावत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगटाशी वाकडा. सत्तरीच्या असतील. घरात तेलुगू बोलणं ऐकू येत होतं. माझ्याशी त्या मराठीत बोलल्या.

मी माझं नाव सांगितलं, घर सांगितलं. लेकीची हळद, फाटक, अर्धा तास, सगळं सांगितलं. मुलीच्या गुणांचं बोललो होतो तेही लपवलं नाही. मामांच्या तोंडून माझं नाव निघालं असेल असं मला वाटत होतं, पण अक्कांना माझी काहीच माहिती नव्हती.

"अन्ना कुनाचं नाव न्हाय घेतला," त्या म्हणाल्या. "कुनी सांगितलं काय, मी इचारले. दोनदा इचारले. 'मी सोडलो पानी, माझी चूक,' एवढंच म्हनला. रडत हुता."

मी म्हणालो, त्यांना तुम्हाला सांगायचं होतं कधीपासून, पण धीर होत नव्हता. हे माझं की नाही असं त्यांनी मला विचारलं होतं. तुमचंच, असं मी सांगितलं, म्हणून ते आले.

त्यांनी सुई फ्रॉकात टोचून ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"कधी सांगितला तुमी त्याला?"

"मागच्या रविवारी."

"तवा तुमाला म्हाईत हुतं? ते घर तुमचं म्हनून?"

"हो."

हळदीच्या दिवसाबद्दल, पाण्याबद्दल, त्या मोडलेल्या हाताबद्दल त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या सगळ्यासाठी माझ्याकडे थोडीफार उत्तरं तयार होती. येताना वाटेत मी ती जुळवत आलो होतो.

"मग त्याला एकट्याला कसं पाठवलात हो?" त्या म्हणाल्या.

मागच्या रविवारी माझ्यावर कुणी दबाव आणला नव्हता. मला सगळं ठाऊक होतं, खोलीत पंखा चालू होता, हातात पुस्तक होतं आणि तोंड माझं होतं.